म्यानातली आठवण

दसऱ्याच्या सकाळी विश्रामबागेतील एखाद्या सैनिकी परंपरेच्या घरात देवापुढे पाट मांडला जातो. त्यावर मुलांची पुस्तके येतात, हिशेबाची वही येते, स्वयंपाकघरातली विळी पुसून ठेवली जाते, दाराशी उभ्या असलेल्या दुचाकीला झेंडूची माळ पडते. मग माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक खाली उतरते. तिच्यात घडी केलेल्या गणवेशाखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेले एक पाते असते. कधी ती खुकरी असते, कधी कातडी म्यानातली आखूड कट्यार, तर कधी गावच्या लोहाराने घडवलेली साधी सुरी. तिला हळदकुंकू वाहिले जाते, फूल ठेवले जाते आणि संध्याकाळी सोने लुटून झाले की ती पुन्हा ट्रंकेत जाते. एखाद्या नातवाने विचारलेच, “हे कुणाचं?”, तर उत्तर मिळते, “तुझ्या पणजोबांचं. सैन्यात होते ते.” बहुतेक घरांत संभाषण एवढ्यावरच संपते. पणजोबा कोणत्या पलटणीत होते, हे पाते त्यांना कोणी दिले, ते कुठे घडले, ते कशासाठी वापरले गेले, यांतले काहीच पुढे सांगितले जात नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. एका घरातली एक सुरी आणि तिची विसरलेली हकीकत, त्यात समाजाने चिंता करावी असे काय आहे? परंतु ज्या भूमीत ही घरे उभी आहेत त्या भूमीचा विचार केला की या विस्मरणाचे मोल ध्यानात येते. आजचा सांगली जिल्हा हा जुन्या सातारा जिल्ह्याचाच भाग. १९४९ मध्ये तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सैन्यात भरती होणे हा या साऱ्या टापूचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने तर ‘मिलिटरी’ हा शब्द आपल्या नावातच मिरवला. पहिल्या महायुद्धात आपले ४६ जण कामी आले, असे हे गाव अभिमानाने सांगते. देशातील पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच उघडले गेले. नोकरीची वर्षे संपली की यांतले अनेकजण मुलांच्या शिक्षणासाठी सांगली-मिरजेच्या मधल्या विश्रामबागेसारख्या वस्तीत घर बांधतात. विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांच्या परिसरातल्या या शांत रस्त्यांवरून जाताना दारावरच्या पाटीत नावाआधी ‘सुभेदार’ किंवा ‘कॅप्टन’ आणि नावानंतर ‘निवृत्त’ असे शब्द दिसतात, ते त्यामुळेच.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने या भागातील अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर कोरलेला आहे. आकडे आहेत, नावे नाहीत. परक्या सत्तेला आकडाच हवा होता. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात कुतच्या वेढ्यात अन्नावाचून झिजलेला मराठा शिपाई कोणत्या आळीतला, त्याची आई कोण, त्याच्यामागे कोण राहिले, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. ते कर्तव्य आपले होते. ती नावे कुठे असतील तर ती घराघरांतल्या वस्तूंत आणि त्या वस्तूंबरोबर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत. वस्तू राहिली आणि गोष्ट गेली, तर आपल्याच घरात आपण परक्या सत्तेसारखी आकड्यापुरती पाटी उभी केली, असे म्हणावे लागेल.

सैनिकाच्या घरी नेमके पातेच का जपले जाते, याचेही कारण आहे. रायफल सरकारची असते, संगीन सरकारची असते. सेवा संपली की ती कोठारात जमा करून पावती घ्यावी लागते. घरी येते ते स्वतःचे किंवा भेट मिळालेले. डेहराडून, दार्जिलिंग, सिलिगुडीकडे नेमणूक असताना पगारातून विकत घेतलेली खुकरी, सोबत्याने निरोप घेताना हातात ठेवलेली सुरी, सुट्टीवर आल्यावर गावच्या लोहाराकडून मापाने करून घेतलेले हत्यार, अशा वाटांनी ही पाती घरात येतात. गोरखा पलटणींत तर सेवा संपवून जाणाऱ्याला खुकरी भेट देण्याची चालच आहे. पदक शासन देते. पाते देतात ते सोबती. म्हणून अनेक निवृत्त सैनिक पदकांविषयी क्वचितच बोलतात, पण या पात्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

खुकरीविषयी आपल्याकडे अनेक समज आहेत. ती म्यानाबाहेर काढली की रक्त घेतल्याशिवाय आत जात नाही, हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत खोटा. ज्या खुकरीने गोरखा जवान लाकडे फोडतो, झुडपे साफ करतो आणि भाजीही चिरतो, ती दिवसातून कितीदा तरी म्यानाबाहेर येते. ती आधी कामाचे अवजार आहे, मग शस्त्र आहे. आणि प्रसंग पडलाच तर ती काय करू शकते, याचे उदाहरण मुंबईत जन्मलेल्या एका अधिकाऱ्याने घालून दिले आहे. १९७१ च्या युद्धात पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमधील मेजर इयान कार्डोझो सिल्हेटच्या आघाडीवर होते. भूसुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय चिंध्या झाला. वेदनाशामक औषध नव्हते, शस्त्रक्रियेची सोय नव्हती. त्यांनी आपल्या गोरखा सहाय्यकाला खुकरीने पाय कापायला सांगितले. त्याचे धाडस झाले नाही. तेव्हा कार्डोझो यांनी खुकरी स्वतःच्या हाती घेतली आणि स्वतःच पाय तोडला. पुढे एका युद्धकैदी पाकिस्तानी शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. लाकडी पायावर उभे राहून ते बटालियनचे नेतृत्व करणारे भारतीय सेनेतील पहिले अपंग अधिकारी ठरले. ज्याने ही हकीकत एकदा ऐकली, त्याला भिंतीवरची खुकरी पुन्हा कधी निव्वळ शोभेची वाटणार नाही. लोखंड तेच असते. बघणाऱ्याची दृष्टी बदललेली असते.

हे लोखंड घडते कसे, तेही समजून घेण्याजोगे आहे. ट्रकच्या कमानीचा पाटा हा हाती घडवलेल्या बहुतेक पात्यांचा कच्चा माल. नेपाळच्या भोजपूर किंवा धरानमधला कारागीर असो की आपल्या तासगाव-विट्याकडचा लोहार असो, दोघांचीही रीत मुळात सारखीच. भात्याने फुललेल्या भट्टीत पाटा लाल करायचा, ऐरणीवर घणाचे घाव घालून त्याला आकार द्यायचा, कानशीने धार काढायची आणि शेवटी पाणी पाजायचे. खरे कसब या शेवटच्या पायरीत असते. सारेच पाते कडक झाले तर ते घाव घालताना तडकते; मऊ राहिले तर धार टिकत नाही. म्हणून खुकरीचा कारागीर तापलेल्या पात्याच्या धारेवरच किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार सोडतो. धार कडक होते, पाठ लवचिक राहते. लोखंडाचा रंग नेमका कोणत्या क्षणी पाण्याला योग्य झाला, हे सांगणारे यंत्र त्याच्यापाशी नसते. डोळा असतो आणि बापाकडून आलेली शिकवण असते. ‘पाणीदार’ हा शब्द मराठीने माणसाच्या तेजासाठी वापरला. ज्या भाषेला लोहाराची भट्टी जवळून ठाऊक आहे, तीच असा शब्द घडवू शकते. यंत्रातून निघालेल्या हजार सुऱ्या एकसारख्या असतात, हाताने घडलेल्या दोन सुऱ्या कधीच एकसारख्या नसतात. म्हणूनच ‘हे पाते त्यांचेच’ असे घरच्यांना खात्रीने म्हणता येते.

मात्र पात्याच्या मालकाची आठवण निघते तशी घडवणाऱ्याची निघत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. खुकरी घडवणारा कामी समाज स्वतःला विश्वकर्म्याचा वंशज म्हणवतो. ज्याची खुकरी विजयादशमीला पूजली जाई, त्या कारागिराला मात्र उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे. नेपाळच्या कायद्याने १९६३ मध्ये असा भेद संपवला, तरी मनातला भेद कायद्याच्या गतीने जात नाही. आपल्याकडे वेगळे काय आहे? राजपुतान्याशी नाते सांगणारा घिसाडी समाज रस्त्याच्या कडेला पाल ठोकून आजही विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवतो. नवरा घण घालतो, बायको भाता ओढते आणि अनेकदा तीही घण घालते. शासनाच्या यादीत हा समाज ‘भटकी जमात’ म्हणून नोंदला गेला आहे. एके काळी याच हातांनी गडागडांवर तलवारी आणि भाल्यांची पाती दुरुस्त केली. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले, तेव्हा योद्ध्याचे शस्त्र गेले आणि लोहाराचा धंदा गेला. धोप आणि पट्टा घडवणाऱ्यांचे वारस खुरपी आणि नांगराचे फाळ करू लागले. शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाने शस्त्रकाराला विसरावे, ही आपल्या समरसतेतील उणीव आहे. पाटावर पाते ठेवताना ते घडवणाऱ्याचे नाव ठाऊक असेल तर तेही उच्चारले जावे.

ही जाण इतरांनी कशी जपली, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याच देशात कोडगूचे कोडवा कुटुंब घ्यावे. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या यांच्यासारखे सेनानी देणाऱ्या या छोट्या समाजात पुरुषाच्या पारंपरिक पोशाखात कमरेला पीचेकत्ती खोवलेली असते. ‘कैलपोद’ या सणाला घरातली शस्त्रे पूजली जातात आणि कोणते शस्त्र कोणत्या पूर्वजाचे, हे वडीलधारी माणसे मुलांना सांगतात. सागरापलीकडे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन एक नावाचा कारागीर सैनिकांसाठी सुऱ्या घडवी. तो प्रत्येक सुरीवर क्रमांक घाली आणि ती कोणत्या सैनिकाकडे गेली याची नोंद ठेवी. एका साध्या नोंदवहीमुळे पाते आणि माणूस यांची जोडी कायम राहिली. परंपरा सांगून टिकते, तशी लिहूनही टिकते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. आपल्याकडे सांगणे कमी झाले आणि लिहिणे कधी सुरूच झाले नाही.

परिणाम काय होतो? सैनिक जातो. त्याच्या पत्नीला हकीकत ठाऊक असते, पण तिला कोणी विचारत नाही. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात. घर विकायला निघते, तेव्हा ट्रंक उघडली जाते आणि त्या पात्याचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही. मग ते किलोच्या भावाने भंगारात जाते, नाहीतर जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘मिलिटरी चाकू’ अशा निनावी पाटीखाली लागते. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीतील कितीतरी घरांत पाणी शिरले. अशा पुरात लोखंड गंजले तरी उरते. त्यासोबतची पत्रे, छायाचित्रे आणि सेवापुस्तिका उरत नाहीत. मुका पुरावा राहतो आणि बोलका जातो.

याहून गंभीर परिणाम रस्त्यावर दिसतो. २०२२-२३ मध्ये पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. मिसरूडही न फुटलेली मुले कोयते नाचवत दुकाने आणि गाड्या फोडत फिरली. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याची छायाचित्रे मिरवणाऱ्या तरुणांवर गुन्हे दाखल होण्याच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. हे तरुण बहुधा छत्रपतींचेच नाव घेतात, ही त्यातली सर्वांत क्लेशदायक बाब. शत्रूच्या मुलखातील स्त्रियांच्याही अब्रूची काळजी वाहणाऱ्या राजाचे नाव घेऊन गल्लीतल्या दुकानदाराला धमकावणे याला शौर्य म्हणायचे काय? ज्या मुलाने आपल्या आजोबांचे पाते हातात घेऊन त्यामागची हकीकत ऐकली असेल, थंडीत गोठलेली बोटे, गमावलेला सोबती, न पाठवता आलेले पत्र हे सारे ज्याच्या कानांवर पडले असेल, त्याला शस्त्र हा खेळ वाटणार नाही. शिस्तीवाचून शस्त्र म्हणजे गुंडगिरी, हे प्रवचनाने पटत नाही. घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकलेल्या दोन वाक्यांनी पटते.

येथे कायद्याचेही भान ठेवले पाहिजे. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी न बनवलेले, नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांनुसार शस्त्रांत मोडते आणि खुकरीचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. वारशाने आलेल्या अशा पात्याविषयी आपल्या भागात कोणता नियम लागू आहे, याची चौकशी जवळच्या पोलीस ठाण्यात करून ठेवणे शहाणपणाचे. ते मिरवणुकीत नेणे, गाडीत ठेवणे, छायाचित्रासाठी उपसणे हे कटाक्षाने टाळावे. ज्याने आयुष्यभर कायद्याने दिलेल्या आज्ञेवरच शस्त्र उचलले, त्याची आठवण कायदा मोडून राखली जात नाही.

साताऱ्यानेच नुकता एक धडा दिला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे मुदतीच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दर्शनासाठी ठेवली गेली. ती साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे गेली होती. ती अफझलखानाच्या वधाची असल्याचे तिच्या पेटीवरील मजकूर सांगतो; ती तीच आहेत याची खातरजमा करता येत नाही, असे खुद्द संग्रहालय म्हणते. त्यावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. वादात न शिरताही एक गोष्ट स्पष्ट दिसते. महाराष्ट्राच्या अस्मितेची एवढी मोठी वस्तू, पण तिच्याविषयीचा सारा खल पेटीवरच्या दोन-तीन ओळींभोवती फिरतो, आणि त्या ओळीही आपल्या माणसाने लिहिलेल्या नाहीत. ज्यांनी पाहिले त्यांनी लिहिले नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी पाहिले नव्हते. घराघरांतल्या पात्यांबाबत हीच चूक पुन्हा करण्याचे कारण नाही, कारण आज पाहणारे हयात आहेत.

मात्र फार काळ नाहीत. १९६२ आणि १९६५ ची युद्धे लढलेले सैनिक आता वार्धक्याच्या अखेरच्या टप्प्यात आहेत. १९७१ मध्ये विशीत असलेले जवान पंचाहत्तरीच्या घरात पोचले आहेत. कारगिलला पंचवीस वर्षे उलटली. म्हणून काम साधे असले तरी तातडीचे आहे. येत्या दसऱ्याला पाते खाली काढले की ते धुऊन नीट कोरडे करावे, तेलाचा हात द्यावा आणि ते कातडी म्यानात कोंबून न ठेवता सुती कापडात गुंडाळावे. कातडे ओल धरते आणि पाते आतून गंजते. मग एक कागद घ्यावा. पाते कोणाचे, त्यांची पलटण कोणती, ते कोणत्या वर्षी, कोठून आणि कोणाकडून मिळाले, घडवणारा ठाऊक असल्यास कोण आणि त्याच्याशी जोडलेला एखादा प्रसंग, एवढे आजोबांच्या किंवा आजींच्या तोंडून ऐकून नातवाने स्वतःच्या हाताने लिहावे. खाली सांगणाऱ्याची सही आणि तारीख घ्यावी. त्याची एक प्रत ट्रंकेत, एक दुसऱ्या गावी असलेल्या भावंडाकडे ठेवावी. आजच्या भ्रमणध्वनीवर आजोबांचा आवाजही टिपता येतो, तोही टिपावा. ज्या घरात पुढे सांभाळणारे कोणी नाही, त्यांनी भंगारवाल्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा, पलटणीच्या केंद्राचा किंवा एखाद्या संग्रहालयाचा विचार करावा.

पुण्यात दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारले. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तूंइतकेच मोल अडकित्ते, दिवे आणि घरातल्या भांड्यांना दिले गेले, कारण सामान्य माणसाच्या हातातली वस्तू हाही इतिहासच, अशी त्यांची श्रद्धा होती. तेवढी मोठी वास्तू प्रत्येकाला उभारता येत नाही. पण प्रत्येक सैनिकाच्या घरात एक पेटी आणि पेटीत एक कागद असू शकतो. वस्त्यावस्त्यांतील तरुण मंडळांनी आणि शाळांनी या सुट्टीत आपल्या भागातील दहा घरे गाठून दहा कागद लिहून घेतले, तरी दगडी पाटीवरच्या त्या मुक्या आकड्यांच्या शेजारी काही नावे उभी राहतील.

पुढच्या दसऱ्याला विश्रामबागेतल्या त्याच घरात पाट मांडला जाईल. ट्रंक उतरेल, टॉवेल उलगडेल. नातू विचारील, “हे कुणाचं?” त्या वेळी उत्तर देणाऱ्याच्या हातात कागद असावा, आणि शक्य असेल तर ज्याचे ते पाते आहे तो स्वतः शेजारी बसलेला असावा.